बोटं शाबूत, खांदा थकलेला

पेठेतल्या तालमीच्या हॉलमध्ये गेल्या महिन्यात एका एकोणीस वर्षांच्या पोराची पेटीवादनाची मैफल झाली. त्याच्या औषधासाठी पैसे उभे करायचे होते. पोरगा व्हीलचेअरवर, समोर पाटावर पेटी. उजव्या हाताची बोटं भूपात अशी फिरत होती की हा आजारी आहे हे खरं वाटू नये. भाता मात्र बहीण मारत होती, कारण त्याचा डावा खांदा आता तेवढा जोर धरत नाही. तार सप्तकात जायच्या आधी तो हनुवटी किंचित उचलायचा, की ती भाता भरून घ्यायची.

आजाराचं नाव स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. मज्जारज्जूतल्या ज्या चेतापेशी स्नायूंना हुकूम देतात त्या हळूहळू मरतात आणि हुकमाविना स्नायू वाळतात. मांड्या, कंबर, खांदे आधी जातात. बोटांची ताकद बरीच उशिरापर्यंत टिकते. कान, स्पर्श, बुद्धी यांना धक्का लागत नाही. जिना चढणं बंद झालं त्याच वर्षी या पोरानं भीमपलास बसवला.

चूक आहे पाचव्या गुणसूत्रावर. तिथला एसएमएन-1 जनुक या चेतापेशींना जगवणारं प्रथिन बनवतो. याच्याकडे त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या. पण शेजारीच एसएमएन-2 नावाची जवळपास हुबेहूब नक्कल असते. कळीचा फरक सातव्या तुकड्यातल्या एका अक्षराचा. त्या अक्षरामुळे पेशी प्रथिनाचा मजकूर जुळवताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गाळते. बंदिश उतरवून घेताना समेचीच मात्रा सुटावी, तसं. असं अर्धवट प्रथिन टिकत नाही. पुरतं प्रथिन बनतं जेमतेम दहा टक्के. रिस्डिप्लाम हे औषध पेशीला तो तुकडा घ्यायला लावतं. मेलेल्या चेतापेशी त्यानं परत येत नाहीत, उरलेल्या वाचतात. म्हणून इथं उशिरा आलेला पैसा कमी कामाचा.

आता हिशोब. रोज 5 मिलिग्रॅम, बाटलीत 60, म्हणजे एक बाटली बारा दिवस. वर्षाला 31 बाटल्या. मूळ कंपनीची बाटली सुमारे 6 लाखांची होती. केंद्राच्या दुर्मिळ आजार धोरणात जास्तीत जास्त 50 लाखांची मदत मिळते, मुंबईचं केईएम रुग्णालय त्यातलं एक केंद्र. त्या किमतीत ती मदत शंभरेक दिवसांत संपायची. 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या निकालानंतर भारतात बनलेलं तेच औषध 15,900 रुपयांना बाजारात आलं. वर्षाचा खर्च पावणेदोन-दोन कोटींवरून पाच लाखांच्या आत आला. ही बातमी वाचली तेव्हा मला खरोखर भरून आलं.

पण औषध रोजचं आणि जन्मभराचं. मैफलीची एक रात्र काही महिने भागवते, पुढं काय? महिन्याला लागतात चाळीस हजार. आपल्याकडं गल्लोगल्ली भिशी चालते. ऐंशी माणसांनी दरमहा पाचशे टाकले आणि रक्कम थेट औषध दुकानाच्या खात्यावर गेली, तर झालं. मोठ्या देणगीपेक्षा मला ही वाट जास्त भरवशाची वाटते.

त्या हॉलमध्ये कुणीतरी कुजबुजलं, "आईच्याच घराण्यात असंल." ऐकून राग आला. साधारण चाळीस-पन्नास माणसांत एकाकडे बिघडलेली एक प्रत असते आणि त्याला स्वतःला काहीच होत नाही. आई-बाप दोघांकडे ती असेल तर प्रत्येक गरोदरपणात आजाराची शक्यता चारात एक. दोष कुणा एकीचा नाही. आत्या-मामाच्या पोरांची लग्नं आपल्याकडं अजून होतात, दोघांकडं तीच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता तिथं वाढते. रक्ताच्या एका तपासणीत ते बहुतेक वेळा कळतं.

मैफल संपल्यावर मी त्यांच्या घरी गेलो. आईनं फ्रीजमधून बाटली काढली, सुईविना सिरिंजनं मापून त्याच्या तोंडात औषध सोडलं. बाटलीवर बॉलपेननं लिहिलं होतं: शनिवारी संपेल.