जीपीएस रनिंग वॉच

जीपीएस रनिंग वॉच : उपग्रहांच्या संकेतांवरून धावणाऱ्याची जागा ठरवून त्याचा मार्ग, अंतर आणि पेस नोंदवणारे मनगटी घड्याळ. पेस म्हणजे एक किलोमीटर धावायला लागलेली मिनिटे. चढ-उतार आणि हृदयाचे ठोके नोंदवण्याची सोयही आता बहुतेक घड्याळांत असते. पुण्यात धावणारी मंडळी त्याला नुसते ‘वॉच’ म्हणतात. भल्या पहाटे टेकडीच्या पायथ्याशी किंवा विद्यापीठाच्या फाटकाशी डावा हात किंचित वर धरून मुकाट उभी असलेली माणसे दिसली, तर ती सिग्नल मिळण्याची वाट पाहत आहेत असे समजावे.

या घड्याळाबद्दल सर्वांत आधी समजून घ्यायचे ते हे, की त्याला अंतर मोजता येत नाही. त्याला येतो तो वेळ. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवरून फिरतात आणि आपली जागा व वेळ सतत कळवत राहतात. संकेत पोहोचायला किती वेळ लागला यावरून घड्याळ प्रत्येक उपग्रह किती लांब आहे ते काढते. संकेत प्रकाशाच्या वेगाने येत असल्यामुळे वेळेत एक मायक्रोसेकंदाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरची चूक होते. मनगटावरचे घड्याळ अर्थातच तेवढे काटेकोर नसते. म्हणून जागेसाठी तीन आणि घड्याळाची चूक काढण्यासाठी चौथा, असे किमान चार उपग्रह दिसावे लागतात. मग साधारण दर सेकंदाला नकाशावर एक ठिपका पडतो. ठिपके जोडले की रेष तयार होते, आणि त्या रेषेची लांबी म्हणजे आपण ‘धावलेले’ अंतर. या वस्तूचे बहुतेक गुण आणि दोष या ठिपक्यांतूनच निघतात.

नागरी वापराच्या संकेतांत अमेरिका पूर्वी मुद्दाम चूक घालत असे. मे २००० मध्ये ते थांबले आणि धावणाऱ्यांच्या उपयोगाची अचूकता सर्वांना मिळाली. २००३ मध्ये गार्मिन कंपनीचे फोररनर २०१ हे घड्याळ आले. मनगटावर छोटी डबी बांधल्यासारखे ते दिसे. आजची घड्याळे अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचे ग्लोनास, युरोपचे गॅलिलिओ आणि चीनचे बेईदू यांचेही संकेत घेतात. भारताच्या ‘नाविक’ (NavIC) या स्वतःच्या उपग्रह प्रणालीत २९ मे २०२३ रोजी सोडलेल्या एनव्हीएस-०१ उपग्रहापासून एल१ वारंवारता आली. लहान उपकरणांची नेहमीची वारंवारता हीच असल्यामुळे ही गोष्ट घड्याळांच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

उघड्या आकाशाखाली चूक काही मीटरची असते. रेसकोर्सभोवती किंवा खडकवासल्याच्या पाण्याकडेने धावले, तर नकाशावरची रेष रस्ता सोडत नाही. पेठांत मात्र तीच रेष लोकांच्या घरात शिरते. अरुंद गल्लीत संकेत समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा पोहोचतो, आणि घड्याळाला वाटते की उपग्रह आहे त्याहून लांब आहे. लक्ष्मी रस्त्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून केलेली धाव नंतर नकाशावर पाहिली, की आपण दोन वाड्यांच्या छपरांवरून उड्या मारत गेलो असे दिसते. कर्वे रस्त्यावर मेट्रोच्या पुलाखाली डोक्यावरचे आकाशच झाकले जाते. नळस्टॉपला तर उड्डाणपूल आणि त्यावर मेट्रो असे दुहेरी छत आहे. तिथे पेस कधी एकदम चारवर येतो, कधी नऊवर जातो, आणि धावणारा मात्र आपल्या ठरल्या गतीने चाललेला असतो. एल१ बरोबर एल५ ही वारंवारताही घेणारी ‘ड्युअल बँड’ घड्याळे परावर्तित संकेत बऱ्यापैकी ओळखतात. पेठांत धावणाऱ्याने जास्तीचे पैसे मोजायचेच असतील, तर ते यासाठी मोजावेत. घड्याळात गाणी साठवण्यासाठी नव्हे.

ठिपके जोडण्याचा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकतो. सरळ रस्त्यावर ठिपके इकडेतिकडे पडल्याने रेष नागमोडी होते आणि अंतर वाढते. वळणावर ठिपक्यांमधली रेष कोपरा कापते आणि अंतर घटते. म्हणून वेताळ टेकडीच्या वळणावळणाच्या पायवाटांवर, झाडीखाली, एकच फेरी दोघांच्या घड्याळांत क्वचितच सारखी येते. सणस मैदानाच्या ४०० मीटरच्या ट्रॅकवर तर साधे घड्याळ वर्तुळांचा गुंता काढते. तिथे फेऱ्या बोटांवर मोजणे अधिक भरवशाचे.

शर्यतीतला नेहमीचा वादही यातूनच उद्भवतो. २१.१ किमीच्या हाफ मॅरेथॉनच्या शेवटच्या टप्प्यात घड्याळ २१.१ दाखवते आणि शर्यत संपण्याची कमान अजून लांब असते. मग पदक गळ्यात पडायच्या आधीच आयोजकांच्या स्वयंसेवकाला ऐकावे लागते, “अहो, तुमचा कोर्स लांब आहे, माझ्या घड्याळात २१.४ आलंय!” प्रमाणित शर्यतीचा मार्ग मोजतात तो चाकाला फेरे-मोजणी बसवलेल्या सायकलीने. धावणाऱ्याला मिळू शकणारी सर्वांत जवळची रेषा, वळणावर कडेपासून ३० सेंमी अंतर ठेवून, धरली जाते. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरतात; ४२.१९५ किमीच्या पूर्ण मॅरेथॉनला सुमारे ४२ मीटर होतात. आपण मात्र पाण्याच्या टेबलाकडे वळतो, गर्दीतून वाट काढतो, वळणे बाहेरून घेतो. त्यात घड्याळाची नागमोडी रेष मिळते. तेव्हा घड्याळात जास्त येणार, हे गृहीतच धरावे. लक्ष्य गाठायचे असेल तर घड्याळाचे किलोमीटर न पाहता रस्त्यावरच्या पाटीपाशी आपण बटण दाबून लॅप, म्हणजे त्या टप्प्याची वेगळी नोंद, घ्यावा.

उंचीसाठी बऱ्याच घड्याळांत वायुदाबमापक असतो. जमिनीलगत दाबात एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे उंचीत साधारण आठ-नऊ मीटरचा फरक. आपल्याकडे दिवसाच्या नेहमीच्या चक्रात पहाटे चारच्या सुमारास दाब कमी असतो आणि सकाळी दहापर्यंत चढत जातो. त्यामुळे पहाटे निघून नऊला घरी परतलेल्या माणसाचे घर कधीकधी दहा-पंधरा मीटर खाली गेलेले दिसते. पावसाळ्यात दाबमापकाच्या भोकात पाणी किंवा घामाचे मीठ बसले, की सपाट रस्त्यालाही चढ लागतो. घरी आल्यावर घड्याळ नळाखाली धरले तर हा त्रास बराच कमी होतो. पट्ट्याखाली उठणारे पुरळही त्याने टळते.

हृदयाचे ठोके घड्याळ हिरव्या प्रकाशाने मोजते. प्रत्येक ठोक्याला मनगटातल्या रक्ताचे प्रमाण बदलते, त्यानुसार परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो. पट्टा सैल असला, हात गार पडला असला किंवा कातडीवर टॅटू असला तर हे बिघडते. डिसेंबरच्या थंडीत पहिली दहा मिनिटे आकडे बेभरवशाचे असतात. सर्वांत फसवी चूक म्हणजे घड्याळ पावलांनाच ठोके समजते. मिनिटाला १७० पावले पडत असली की हृदयही १७० दाखवते, आणि नवखा धावणारा घाबरून थांबतो. छातीचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत घेतो, म्हणून तो अधिक खरा. त्यातही जास्तीत जास्त ठोके म्हणजे ‘२२० वजा वय’ या ठोकताळ्यावर बेतलेले झोन, म्हणजे सोप्या ते जोरदार धावेसाठी ठरवलेले ठोक्यांचे टप्पे, सगळ्यांना लागू पडत नाहीत. सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येत असेल तर धाव सोपी आहे, ही जुनी कसोटी बिनखर्चाची आहे आणि बॅटरी संपली तरी चालते.

एवढे दोष सांगूनही घड्याळ नको असे म्हणता येत नाही. नव्या माणसाचे सर्वांत मोठे दुखणे म्हणजे दररोज जोरात धावणे. पेसची मर्यादा ओलांडताच मनगटावर होणारी घड्याळाची थरथर त्याला आवरते. रात्रीच्या कात्रज–सिंहगड वाटेवर चुकीच्या सोंडेला लागल्यावर ‘आल्या वाटेने परत’ हा पर्याय बॅटरीच्या किमतीहून मोलाचा ठरतो. सहा महिन्यांपूर्वी याच रस्त्यावर, याच पेसला ठोके किती होते, हे पाहता येते. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा ही तुलना कितीतरी खरी, कारण घड्याळाच्या चुका दोन्ही दिवशी साधारण सारख्याच असतात. चढावर मात्र पेस पाहूच नये. आतकरवाडीहून सिंहगड चढणारे नेहमीचे लोक पुणे दरवाजापर्यंत लागलेली मिनिटेच सांगतात, आणि तेवढे पुरते.

नोंदी इंटरनेटवर जातात, याचा विचार खरेदी करताना कमी होतो. धावांच्या नोंदी ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या ॲपने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जगभरच्या धावांच्या नकाशात लष्करी तळांचे रस्ते उजळून दिसले, आणि जानेवारी २०१८ मध्ये त्यावरून गदारोळ झाला. लष्करी परिसरांना लागून रोज शेकडो लोक धावतात अशा शहरात ही दूरची गोष्ट नाही. साध्या माणसाचीही धाव रोज स्वतःच्या सोसायटीच्या फाटकापासून सुरू होते. सेटिंगमध्ये घराभोवतीचा भाग झाकता येतो, तो पहिल्याच दिवशी झाकावा. जुलै २०२० मध्ये गार्मिनच्या यंत्रणेवर सायबर हल्ला होऊन सेवा काही दिवस बंद होती. त्या दिवसांत धावलेली माणसे धावली होतीच, फक्त दाखवायला काही नव्हते.

९.८७ किमीला धाव थांबली तर चैन न पडणे हा या वस्तूचा दुष्परिणाम म्हणून नोंदवायला हवा. रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधून कोणी गोल फेऱ्या मारताना दिसला आणि वॉचमनने चौकशी केली, तर उत्तर ठरलेले असते : “दहा पूर्ण करतोय.” आणि वरच्या मजल्यांच्या खाली, छताआड, त्या १३० मीटरचे घड्याळात कधी ९० होतात, तर कधी २००.