रात्रीपासून पाण्याचा थेंबही नको?

गुडघा बदलायचा ठरला की नागपुरात शेजारीपाजारी पहिला सल्ला देतात, 'आदल्या रात्री दहानंतर पाण्याचा थेंबही नको.' मे महिन्यातल्या 45 अंशांत म्हातारं माणूस सकाळपर्यंत कोरड्या घशानं तळमळतं. नियम अर्धाच खरा आहे.

भूल दिल्यावर पोटातलं अन्न वर येऊन फुफ्फुसात जाऊ शकतं. 1946 साली अमेरिकन डॉक्टर मेंडेल्सन यांनी हा धोका मांडला आणि सरसकट उपाशी ठेवण्याची पद्धत रुळली. पण साधं पाणी पोटात फार वेळ थांबत नाही. म्हणून अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं 1999 पासून भुलेच्या 2 तास आधीपर्यंत पाणी चालतं असं सांगितलंय. हलकं खाणं 6 तास आधी थांबवायचं. तर्रीपोहे, सावजी असं तेलकट असेल तर 8 किंवा त्याहून जास्त. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही, तो खाण्यातच धरायचा. इथेच बहुतेक जण फसतात.

मधुमेह किंवा पचन मंद असणाऱ्यांची वेळ वेगळी असू शकते. आपली नेमकी वेळ भूलतज्ज्ञांकडूनच घ्या. बीपीची कोणती गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि रक्त पातळ करणारी कधी थांबवायची, तेही त्याच भेटीत विचारा, शेजारच्या काकूंना नाही.