बाळाच्या टाचेचं रक्त आणि कागदावरचे ठिपके

थायरॉईड ग्रंथी जन्मतःच नीट काम करत नसली, तरी पहिल्या आठवड्यात बाळ बहुतेक वेळा ठणठणीत दिसतं. आईकडून आलेलं थोडं हार्मोन तेवढे दिवस त्याला सांभाळून घेतं. कावीळ जरा लांबते, बाळ फार रडत नाही, आणि घरचे ‘किती गुणी आहे’ म्हणून कौतुक करतात. लक्षणं उघड दिसेपर्यंत मेंदूच्या वाढीचा मोलाचा काळ निघून गेलेला असतो. तोच दोष पहिल्या दोन आठवड्यांत पकडून थायरॉक्सिनची गोळी सुरू केली, तर बहुतेक मुलं इतरांसारखीच वाढतात, शिकतात. तो पकडायला टाचेतलं थोडं रक्त पुरतं. मात्र ते कसं घेतलं, यावर सगळा निकाल अवलंबून असतो.

रक्त कागदावर वाळवून तपासण्याची पद्धत रूढ केली अमेरिकेतल्या बफेलो शहरातले डॉ. रॉबर्ट गथ्री यांनी. त्यांचा मुलगा मतिमंद होता आणि भाचीला फेनिलकीटोन्युरिया हा आजार होता. या आजारात अन्नातल्या प्रथिनांमधलं फेनिलअ‍ॅलनिन शरीरात साठत जातं आणि मेंदूला इजा करतं. ते रक्तात वाढलंय का, हे जिवाणूंच्या वाढीवरून ओळखण्याची स्वस्त चाचणी गथ्रींनी बसवली. रक्त फिल्टर पेपरवर घेतल्यामुळे बर्फ, काचेची नळी, रक्ताचे घटक वेगळे करणारं सेंट्रिफ्यूज यंत्र काहीच लागेना. वाळलेला कागद पाकिटात घालून पोस्टाने पाठवता येऊ लागला. 1963 मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी कायद्याने बंधनकारक केली. पुढे 1970 च्या दशकात कॅनडातल्या क्वेबेकमध्ये जाँ द्यूसो यांनी याच ठिपक्यांतून थायरॉईडचा दोष शोधून दाखवला. मुंबईत डॉ. मीना देसाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात नवजात बाळांच्या थायरॉईड तपासणीचं काम केलं. आता टँडम मास स्पेक्ट्रोमीटर या, रेणू वजनावरून ओळखणाऱ्या यंत्रावर एका ठिपक्यातून चयापचयाचे कितीतरी आजार एकदम तपासता येतात.

यंत्र कितीही भारी असलं, तरी कार्ड, म्हणजे रक्तासाठी वर्तुळं छापलेला तो फिल्टर पेपर, भरतात त्या प्रसूती वॉर्डातल्या सिस्टर. त्यांचा हात चुकला तर पुढे कुणालाच तो दुरुस्त करता येत नाही.

रक्त टाचेच्या तळव्याकडच्या भागातून, आतल्या किंवा बाहेरच्या कडेने घेतात. मधोमध किंवा मागच्या गोलाईवर टोचत नाहीत, कारण तिथे हाड अगदी जवळ असतं. त्याच कारणाने लॅन्सेट, म्हणजे टोचायचं बारीक पातं, 2 मिलिमीटरपेक्षा खोल जाता कामा नये. आधी कोमट कपड्याने टाच शेकायची आणि पाय खाली सोडायचा, म्हणजे रक्त मोकळं येतं. स्पिरिट लावलं तर ते पूर्ण वाळू द्यायचं. पहिला थेंब पुसून टाकायचा, कारण त्यात पेशींमधलं पाणी आणि उरलंसुरलं स्पिरिट असतं. मग मोठा थेंब आपोआप जमू द्यायचा आणि कागद त्याला हलकेच टेकवायचा. टीपकागदासारखं रक्त आत ओढलं जातं आणि वर्तुळ मागच्या बाजूनेही तितकंच भरलेलं दिसतं.

घाई होते ती इथे. रक्त येईना की टाच दाबली, पिळली जाते. त्याने तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त पातळ होतं. वर्तुळ अर्धंच भरलं की त्याच्यावर दुसरा थेंब टाकायचा मोह होतो. यात काय बिघडतं, ते लॅबमधली पद्धत पाहिली की कळतं. वाळलेल्या ठिपक्यातून 3.2 मिलिमीटर व्यासाची टिकली पंच करून काढतात. तिच्यात साधारण 3 मायक्रोलिटर रक्त आहे, असं धरूनच पुढचा हिशेब होतो. थेंबावर थेंब पडला असेल तर टिकलीत रक्त जास्त येतं आणि आकडा खोटा वाढतो. कागद नीट भिजला नसेल तर आकडा खाली येतो आणि आजारी बाळाचा रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. मला ही दुसरी चूक जास्त भयंकर वाटते, कारण तिचा कुणाला पत्ताच लागत नाही.

टोचताना बाळ आईच्या अंगावर पीत असेल तर त्याला कमी दुखतं. आजी ‘एवढ्याशा जिवाला कशाला टोचता’ म्हणाली, तर तिला हे जरूर सांगावं.

वेळेचंही महत्त्व मोठं. जन्मल्याबरोबर बाळाच्या रक्तात टीएसएच, म्हणजे थायरॉईडला काम करायला लावणारं हार्मोन, एकदम उसळतं. थायरॉईड कमी पडत असेल तेव्हाही तेच वाढलेलं दिसतं, म्हणून पहिल्या 24 तासांत घेतलेला नमुना निरोगी बाळालाही आजारी ठरवू शकतो. उलट फेनिलअ‍ॅलनिन वाढायला बाळाच्या पोटात दूध जावं लागतं. त्यामुळे आपल्याकडे सहसा 48 ते 72 तासांच्या दरम्यान नमुना घेणं चांगलं मानतात. बाळाला रक्त चढवायचं असेल तर नमुना त्याआधीच घ्यायचा. नाहीतर कागदावर रक्तदात्याच्या तांबड्या पेशी येतात आणि विदर्भात महत्त्वाची असलेली सिकलसेलची, म्हणजे तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराची, तपासणी फसते.

कार्ड आडवं ठेवून, सावलीत, किमान तीन तास वाळवायचं. पंख्याखाली, हीटरजवळ किंवा उन्हात नाही. कोकणात नि गोव्यात पावसाळ्यात खरी पंचाईत होते. याच ठिपक्यांतून तपासली जाणारी, तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी6पीडीसारखी एन्झाइम्स उष्ण, दमट हवेत मरगळतात. ओलसर कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं की नमुना वाया गेलाच. म्हणून वाळलेल्या कार्डासोबत ओलावा शोषणारी पुडी ठेवतात आणि शक्यतो 24 तासांच्या आत पाकीट रवाना करतात.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरांतली. बारसं झालेलं नसतं, म्हणून कार्डावर फक्त ‘बेबी ऑफ’ आणि आईचं नाव. पत्ता सासरचा, मोबाईल नवऱ्याचा, आणि बाळ-बाळंतीण माहेरी, दुसऱ्याच जिल्ह्यात. रिपोर्टमध्ये शंका आली की लॅब फोन लावत राहते आणि दिवस निघून जातात. कार्डावर दोन नंबर द्या, त्यातला एक बाळ जिथे राहणार आहे तिथला. पुन्हा बोलावलं म्हणजे आजार पक्का झाला असं नाही, पुष्कळदा नमुनाच खराब निघालेला असतो. तरी त्याच दिवशी जा. थायरॉईडचा दोष ठरला, तर डॉक्टर सांगतील तेवढी गोळी कुस्करून, काढलेल्या चमचाभर दुधात द्यायची. बाटलीभर दुधात कालवली आणि बाळाने अर्धी बाटली तशीच ठेवली, तर औषधही अर्धंच पोटात जातं.