डंप की फाइलींची थेट नक्कल : डेटाबेस हलवण्यामागचा इतिहास

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या काळात डंपवाचून, म्हणजे सगळा डेटा एसक्यूएल आज्ञांच्या मजकुरात उतरवल्यावाचून, फारसे अडत नसे. मायआयसॅम या त्यातल्या जुन्या साठवण-इंजिनाच्या टेबलाच्या तीन फाइली असत: रचनेची एफआरएम, डेटाची एमवायडी, इंडेक्सची (शोध वेगवान करणाऱ्या सूचीची) एमवायआय. सर्व्हर बंद करायचा, डेटाबेसचे फोल्डर दुसऱ्या मशीनवर ठेवायचे, फाइलींची मालकी सर्व्हरच्या युजरकडे द्यायची, की झाले. मालकी द्यायची राहिली तर एरर १३ (परवानगी नाही) येई.

इनोडीबी या दुसऱ्या साठवण-इंजिनाने ही सोय मोडली. टेबलांची अंतर्गत नोंद आयबीडेटा१ या सामायिक फाइलीत राहू लागली. त्यामुळे नुसते फोल्डर नेले तर टेबलाचे नाव यादीत दिसे, पण क्वेरी चालवताच ‘टेबल अस्तित्वात नाही’ असे उत्तर मिळे. पुढे मायएसक्यूएलच्या आवृत्ती ५.६ मध्ये दर टेबलाला स्वतंत्र आयबीडी फाइल हे मूळ सेटिंग झाले, पण नोंद सामायिक फाइलीतच राहिली.

म्हणून डंप काढणारा मायएसक्यूएलडंप हा प्रोग्राम रूढ झाला. त्याला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ हा पर्याय दिला की इनोडीबी टेबले लॉक न होता एकाच क्षणाचा सुसंगत डेटा उतरतो. मायआयसॅमला त्याचा उपयोग नाही. डंप काढणे लवकर आटोपते, रखडते ते भरणे, कारण प्रत्येक ओळ नव्याने लिहावी लागते आणि इंडेक्सही नव्याने बांधावे लागतात. पलीकडे ‘मॅक्स अलाउड पॅकेट’ ही एका वेळी घेता येणाऱ्या डेटाची मर्यादा लहान असेल तर मोठ्या ब्लॉबपाशी (चित्रासारख्या बायनरी डेटापाशी) जोडणी तुटते. डंप फाइलीत न ठेवता शेलच्या पाइपमधून एसएसएच या सुरक्षित जोडणीमार्गे थेट पलीकडच्या क्लायंटला देता येतो. डिस्कवरची जागा वाचते, पण मध्येच तुटले की पुन्हा पहिल्यापासून. शिवाय शेलचे ‘पाइपफेल’ हे सेटिंग लावले नसेल तर डंप अर्धवट मेल्याचे शेल सांगतही नाही.

२०१३ च्या ५.६ ने फाइल नेण्याची वाट पुन्हा उघडली. ‘फ्लश टेबल्स फॉर एक्स्पोर्ट’ केले की टेबल लॉक होते आणि आयबीडीशेजारी टेबलाची माहिती असलेली सीएफजी फाइल तयार होते. दोन्ही कॉपी करायच्या. पलीकडे त्याच रचनेचे टेबल बनवून ‘डिस्कार्ड टेबलस्पेस’ने त्याची रिकामी फाइल काढायची, आणलेल्या फाइली जागेवर ठेवायच्या, मग ‘इम्पोर्ट टेबलस्पेस’. ‘अनलॉक टेबल्स’ कॉपी झाल्यावरच द्यावे, कारण ते देताच सीएफजी पुसली जाते. २०१९ मध्ये ८.०.१७ सोबत आलेले क्लोन प्लगइन अख्ख्या सर्व्हरचा इनोडीबी डेटा नेटवर्कवरून आणते, मात्र घेणाऱ्या सर्व्हरवरचा जुना डेटा आधी पुसते.

पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये सर्व्हरच्या फाइलींची थेट नक्कल काढणारे ‘पीजी बेसबॅकअप’ आवृत्ती ९.१ मध्ये, म्हणजे २०११ साली आले. दोन्हीकडे मुख्य आवृत्ती एकच हवी, हे बहुतेकांना ठाऊक असते. खरा धोका ऑपरेटिंग सिस्टिमचा. लिनक्सच्या ग्लिबसी या मूळ लायब्ररीच्या २०१८ च्या आवृत्ती २.२८ ने मजकूर क्रमाने लावताना वापरला जाणारा अक्षरांचा क्रमच बदलला. जुन्या क्रमाने रचलेला इंडेक्स नव्या सिस्टिमवर गेला की टेबलात असलेली ओळही शोधात सापडत नाही, दुबार नोंद रोखणारा युनिक इंडेक्स ती आत घेतो, आणि लॉगमध्ये एररही दिसत नाही. मजकुराचे इंडेक्स ‘रीइंडेक्स’ करणे, म्हणजे नव्याने बांधणे, हाच उपाय. डंपमध्ये इंडेक्स नव्याने बांधले जातात, म्हणून तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. संथ वाटेचा हा फायदा सहसा कोणी मोजत नाही.

पोस्टग्रेसच्या २०१७ च्या आवृत्ती १० मधले लॉजिकल रेप्लिकेशन (फाइलींऐवजी ओळींतले बदल पलीकडे पाठवणे) वेगळ्या मुख्य आवृत्त्यांमध्येही चालते, तेही चालू सर्व्हरवरून. पण त्यात टेबलांची रचना आपणच आधी न्यावी लागते आणि सीक्वेन्सची, म्हणजे नव्या ओळींना क्रमांक देणाऱ्या गणकाची, किंमत पलीकडे जात नाही. ती हाताने पुढे सरकवली नाही, तर नव्या सर्व्हरवरची पहिलीच इन्सर्ट ‘डुप्लिकेट की’ म्हणून परत येते.