शनिवारी दुपारी मेलबर्न कुठे असायचं

मेलबर्नमध्ये साठी ओलांडलेल्या कुणाकडे फुटबॉलचा विषय काढा, खेळाडूंच्या आधी मैदानांची नावं निघतात: विंडी हिल, मुराबिन, व्हिक्टोरिया पार्क, वेस्टर्न ओव्हल. फुटस्क्रे या मेलबर्नच्या वस्तीत राहायला आल्यापासून शेजाऱ्यांकडून मी हे ऐकत आलो आहे. वेस्टर्न ओव्हल आमच्याच भागातलं. मोठे सामने या मैदानांवरून केव्हाच गेले, आणि त्याबद्दलच्या या हळहळीमागे दीडशे वर्षांची गोष्ट आहे.

फुटबॉल म्हणजे इथे ऑस्ट्रेलियन रूल्स, अर्थात फूटी. टॉम विल्स या क्रिकेटपटूने 1858 मध्ये वृत्तपत्राला पत्र लिहिलं: हिवाळ्यात क्रिकेटपटूंनी अंग आखडून बसू नये, फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्याच वर्षी, 17 मे 1859 ला, मेलबर्न क्लबच्या मंडळींनी नियम लिहून काढले. क्रिकेटची मैदानं हिवाळ्यात मोकळीच असत, त्यामुळे हा खेळ आजही लंबगोल मैदानावर, एका बाजूला 18 जण घेऊन खेळतात. प्रेक्षक मिळाले ते कामगार चळवळीमुळे. मेलबर्नच्या पाथरवटांनी 1856 मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला होता आणि पुढे शनिवारची अर्धी सुट्टी रुळली. दुपारी कारखाना सुटला की माणसं चालत मैदानावर जाऊ लागली.

1897 मध्ये व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचा पहिला हंगाम आठ क्लबांनिशी झाला. 1925 मध्ये फुटस्क्रे, हॉथॉर्न आणि नॉर्थ मेलबर्न आले आणि क्लब बारा झाले. जीलाँगचा अपवाद सोडला तर सगळे मेलबर्नच्याच वस्त्यांचे. तुमचं घर कुठल्या हद्दीत येतं त्यावर तुम्ही कुणाकडून खेळणार हे ठरायचं. खेळाडू आठवडाभर नोकरी करत, त्यामुळे शनिवारी मैदानात दिसणारा माणूस सोमवारी दुकानात किंवा कारखान्यात भेटे.

शनिवारी दुपारी सहाही सामने एकाच वेळी सुरू होत. बाकीच्या पाच ठिकाणी काय चाललंय ते कळायला धावफलकावर नुसती इंग्रजी अक्षरं आणि त्यांच्यापुढे आकडे. कुठलं अक्षर कुठल्या सामन्याचं, हे दारात विकत मिळणाऱ्या ‘फुटबॉल रेकॉर्ड’ या पुस्तिकेत छापलेलं असे. रेकॉर्ड न घेणारा शेजारच्याच्या खांद्यावरून डोकावे, आणि तिथून गप्पा सुरू होत. उभ्याने बघणाऱ्यांच्या गर्दीत मागे पडलेले लोक बिअरचे रिकामे डबे पायाखाली घेऊन उंची वाढवत. शेवटचा भोंगा वाजला की पोरं चेंडू घेऊन मैदानात घुसत आणि अंधार पडेपर्यंत लाथाडत राहत.

आठवणी सांगताना एक गोष्ट मात्र बरेचदा गळते. हे आपलेपण सगळ्यांच्या वाट्याला आलं नाही. 17 एप्रिल 1993 ला व्हिक्टोरिया पार्कवर कॉलिंगवुडच्या पाठीराख्यांनी सेंट किल्डाच्या आदिवासी खेळाडूंना दिवसभर वर्णद्वेषी शिव्या घातल्या. सामना जिंकल्यावर त्यांच्यातल्या निकी विनमारने जर्सी वर केली आणि त्या गर्दीकडे बघत स्वतःच्या त्वचेवर बोट ठेवलं. त्या मैदानाबद्दल बोलताना हेही सांगायलाच हवं, असं मला मनापासून वाटतं.

वस्ती आणि क्लब यांची गाठ सुटली ती पैशाने. 1970 मध्ये लीगने शहराबाहेर वेव्हर्लीला स्वतःचं स्टेडियम उघडलं. कर्जात बुडालेल्या साउथ मेलबर्नला 1982 मध्ये थेट सिडनीला हलवलं. 1987 मध्ये पर्थ आणि ब्रिस्बेनचे संघ आले, 1990 मध्ये लीगचं नावच ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग झालं. सामने एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडसारख्या मोठ्या स्टेडियमांत गेले आणि जुनी मैदानं एकेक करून सरावापुरती उरली.

1989 च्या ऑक्टोबरात फुटस्क्रेचं फिट्झरॉय या मेलबर्नच्याच दुसऱ्या क्लबमध्ये विलीनीकरण जाहीर झालं. क्लब वाचवायचा तर सुमारे 15 लाख डॉलर उभे करा, तेही काही आठवड्यांत. आयरीन चॅटफील्ड या साध्या पाठीराखीने कोर्टात धाव घेतली, वकील पीटर गॉर्डन यांनी लढ्याची सूत्रं हाती घेतली, आणि कामगारवस्तीतली माणसं देणगीचे डबे खुळखुळवत दारोदार फिरली. पैसे जमले. फिट्झरॉयच्या नशिबी ते नव्हतं: 1996 मध्ये त्यांचा शेवटचा सामना झाला तोही घरापासून दूर, पर्थला, आणि मग क्लब ब्रिस्बेनमध्ये विलीन झाला. छोटे क्लब काळाच्या ओघात गेले असं म्हणणाऱ्यांना मी ही दोन उदाहरणं देतो. ओघ वगैरे काही नव्हता, ते कुणीतरी घेतलेले निर्णय होते, आणि त्यातला एक तरी लोकांनी फिरवून दाखवला.

त्याच फुटस्क्रेने, म्हणजे आताच्या वेस्टर्न बुलडॉग्जने, 1954 नंतर थेट 2016 मध्ये विजेतेपद मिळवलं. अंतिम सामन्यात समोर होता सिडनीला गेलेला तोच साउथ मेलबर्नचा क्लब. दुखापतीमुळे बुलडॉग्जचा कर्णधार बॉब मर्फी याला खेळता आलं नव्हतं. प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिजने त्याला मंचावर बोलावून स्वतःचं पदक त्याच्या गळ्यात घातलं.

पुढच्या वर्षी महिलांची लीग सुरू झाली आणि तिचे सामने मुद्दाम जुन्या मैदानांवर ठेवले गेले. 3 फेब्रुवारी 2017 ला कार्लटनच्या प्रिन्सेस पार्कवर पहिला सामना, कार्लटन विरुद्ध कॉलिंगवुड, प्रवेश फुकट. आत 24 हजारांवर माणसं झाल्यावर दारं बंद करावी लागली, आणि बाहेर राहिलेल्यांची माफी मागायला लीगचे प्रमुख स्वतः दाराशी आले.