मोटर सावकाश फिरवणं अवघड का?

इंडक्शन मोटर जोरात पळवणं सोपं, भार घेऊन तिला रांगायला लावणं अवघड. ऐकायला हे उलटंच वाटतं. पण विजेची वारंवारता बदलून मोटरचा वेग कमीजास्त करणारा व्हीएफडी ड्राइव्ह ज्यांनी हाताळला आहे त्यांना विचारा: ५० हर्ट्झला निमूट चालणारी मोटर दोन-तीन हर्ट्झवर आली की कण्हायला लागते.

सगळा खेळ फ्लक्सचा. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागाच्या, वाइंडिंगमधून (तांब्याच्या तारेच्या वेढ्यांमधून) करंट गेला की लोखंडी गाभ्यात चुंबकक्षेत्र तयार होतं. त्याचं एकूण माप म्हणजे फ्लक्स. मोटरचा टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, त्याच्याच जिवावर. फ्लक्स ठरतो व्होल्टेज भागिले वारंवारता या गुणोत्तरावर. ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झची मोटर असेल तर दर हर्ट्झमागे ८.३ व्होल्ट. वारंवारता उतरवली की व्होल्टेजही त्याच प्रमाणात उतरवायचं, म्हणजे फ्लक्स होता तिथेच राहतो. कागदावर हिशोब चोख.

फक्त त्यात तांब्याचा रोध धरलेला नाही. समजा, पूर्ण भाराला वाइंडिंगमध्येच १० व्होल्ट खर्च होतात. ४१५ मध्ये ते खिजगणतीतही नाहीत. पण २.५ हर्ट्झला मोटरला मिळतात जेमतेम २१ व्होल्ट. त्यातले १० तांब्यानेच गिळले तर ढोबळमानाने फ्लक्स निम्मा, आणि कमाल टॉर्क फ्लक्सच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे तो उरतो पाव! त्यात ड्राइव्हमधले स्विचही थोडे व्होल्ट खातात. एक बंद झाल्यावर जोडीचा दुसरा सुरू करण्यापूर्वी काही मायक्रोसेकंद थांबावंच लागतं, नाहीतर शॉर्टसर्किट; या थांबण्यातही थोडे व्होल्ट जातात.

ही तूट भरून काढणं म्हणजे फ्लक्सची भरपाई. सर्वांत सोपी रीत, कमी वारंवारतेला ठरावीक व्होल्टेज बूस्ट. भार असताना ठीक चालते. भार नसताना मात्र तूटच कमी असते, जादा व्होल्टेज गाभ्यावर पडतं, लोखंड संपृक्त होतं, म्हणजे त्यात आणखी फ्लक्स फारसा मावत नाही, आणि करंट उसळतो. मोटर काहीही काम न करता तापते. तिचा पंखा त्याच शाफ्टवर बसवलेला, तोही सावकाश. मग वारा कुठून येणार? मोटर उचलत नाही म्हणून बूस्टचा आकडा नुसता वाढवत नेणं मला तरी आगीत तेल ओतण्यासारखं वाटतं.

त्यापेक्षा शहाणी रीत अशी: ड्राइव्हने करंट मोजायचा, रोधाने गुणायचा आणि तेवढेच व्होल्ट वर घालायचे. पण रोध खऱ्यापेक्षा जास्त धरला तर व्होल्टेज करंटला वाढवतं, करंट व्होल्टेजला, आणि ड्राइव्ह ट्रिप होतो. शिवाय रोध स्थिर कुठे असतो? तांबं १०० अंश सेल्सिअसने तापलं की तो सुमारे ३९ टक्के वाढतो. थंड मोटरवर मोजलेला आकडा तासाभरात खोटा ठरू शकतो.

व्हेक्टर कंट्रोलने प्रश्नच वेगळा मांडला. १९६०च्या दशकाच्या अखेरीस हासे आणि पुढे १९७०च्या दशकाच्या सुरुवातीस ब्लाश्के या जर्मन अभियंत्यांनी करंटचे मनाने दोन भाग केले: एक फ्लक्स राखणारा, दुसरा टॉर्क देणारा. दोन्ही स्वतंत्रपणे हलवता येतात. तरीही बहुतेक ड्राइव्ह फ्लक्स मोजत नाहीत, गणिती प्रतिमानातून त्याचा अंदाज बांधतात. वारंवारता शून्याजवळ आली की मोटरकडून उलट येणारं व्होल्टेजही जवळजवळ नाहीसं होतं, आणि अंदाजाला आधारच उरत नाही.

म्हणून ओझं अधांतरी धरून ठेवणाऱ्या क्रेनच्या मोटरवर अनेकदा वेग मोजणारा एन्कोडर बसवतात. अशा ठिकाणी ड्राइव्ह आधी जागच्या जागी फ्लक्स भरून घेतो, टॉर्क तयार ठेवतो, आणि मगच ब्रेक सोडतो. उचलण्यापूर्वी क्रेन क्षणभर अडल्यासारखी वाटते, त्यातला काही वेळ या तयारीचा असतो.