खपलीखालची वाट

मुलाचा गुडघा फुटला, की घरातले कोणीतरी हमखास सांगते, “पट्टी बांधू नका, जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, खपली धरली की आपोआप बरी होईल.” नैसर्गिक जीवनशैलीचा आग्रह धरणाऱ्यांच्या बोलण्यात हाच सल्ला एका तत्त्वाचे रूप घेतो: शरीरात स्वतःला बरे करण्याची शक्ती आहे, आपण फक्त तिच्या आड येऊ नये. या वाक्याचा पहिला अर्धा भाग अक्षरशः खरा आहे, आणि तो ज्या तऱ्हेने खरा आहे ती पाहिली की माणूस थक्क होतो. दुसरा अर्धा भाग मात्र पहिल्यातून निघत नाही, आणि हे दाखवायला खरचटलेल्या गुडघ्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

सुरुवातीचे टप्पे बहुतेकांना शाळेपासून माहीत असतात. रक्तवाहिनी तुटताच आकसते, प्लेटलेट एकमेकींना चिकटून भोक बुजवतात, फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे धागे त्यावर जाळे विणतात आणि रक्त थांबते. काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येऊन जंतूंवर तुटून पडतात. दोन-तीन दिवसांत मॅक्रोफेज या मोठ्या भक्षक पेशी येतात, मेलेल्या पेशी गिळतात आणि पुढच्या बांधकामाचे रासायनिक आदेश सोडतात. या दिवसांतली लाली, सूज, ऊब आणि ठणका या कामाच्याच खुणा आहेत. ठणका वाढतच गेला किंवा लाली पसरू लागली, तर मात्र जंतूंची सरशी होत आहे असे समजून डॉक्टरांकडे जावे.

खरे नवल यानंतर आहे. त्वचेच्या वरच्या थरात केराटिनोसाइट नावाच्या पेशी असतात. एरवी त्यांचा प्रवास एकाच दिशेचा असतो: तळाच्या थरात जन्मायचे, हळूहळू वर सरकायचे आणि साधारण चार आठवड्यांनी मृत पापुद्रा होऊन झडून जायचे. तळाची प्रत्येक पेशी शेजारच्या पेशींशी जणू बटणे लावून जोडलेली आणि खालच्या पातळ पडद्याला टाचलेली असते. जखम झाली, की तिच्या काठावरच्या पेशी काही तासांतच ही टाचणी सोडवू लागतात. ज्या पेशीचे सारे आयुष्य वर जाण्यात गेले असते, ती आता आडवी चालू लागते. पुढच्या बाजूला ती आपल्या आवरणाचा एक पातळ पदर पसरते. पेशीच्या आत अॅक्टिन या प्रथिनाचे तंतू टोकाकडून वाढत जाऊन हा पदर पुढे रेटतात. पदराच्या खालच्या बाजूला इंटिग्रिन नावाची प्रथिने असतात, ती समोरच्या पृष्ठभागाला घट्ट धरतात. मग पेशी आतून आकुंचन पावते, मागची पकड सोडते आणि संपूर्ण देह पुढे ओढून घेते. तासाभरात केसाच्या जाडीइतकेही अंतर कापले जात नाही, तरी मागच्या पेशी विभागून नवी कुमक पुरवत राहतात आणि चादर ओढावी तसा हा थर चारी काठांकडून मध्याकडे सरकतो. वरवरच्या खरचटण्यात केसांच्या मुळांशी आणि घामाच्या नळ्यांत उरलेल्या पेशीही बाहेर पडून आपापली छोटी बेटे तयार करतात. भिंगातून नीट पाहिले, तर बऱ्या होणाऱ्या उथळ जखमेत काठापासून दूर, मधोमध, फिकट गुलाबी ठिपके दिसतात. ती हीच बेटे.

आता या चालणाऱ्या पेशीच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. जखम उघडी राहिली तर वर झिरपलेला द्रव सुकतो, त्याच्याबरोबर खालच्या उतींचाही एक थर वाळतो आणि खपली घट्ट बसते. जिवंत पेशी कोरड्यावर चालू शकत नाही. तिला ओल हवी. त्यामुळे ती खपलीच्या खाली, जिथे अजून ओलावा आहे त्या पातळीपर्यंत उतरते आणि तिथून वाट काढू लागते. या वाटेत त्वचेला बळकटी देणाऱ्या कोलॅजेन या प्रथिनाचे दोर आडवे येतात. त्यांवर पकड बसताच पेशी कोलॅजेन तोडणारे विकर (एन्झाइम) स्रवू लागते आणि खपलीला खालून कापत पुढे जाते. आपण जिला बरे होण्याची खूण समजतो ती खपली या पेशींच्या दृष्टीने वाटेतला अडथळा आहे. वेळेआधी खपली उपटली, की खाली ओला लालभडक भाग दिसतो आणि पुन्हा रक्त येते, कारण ती वाट तेव्हा अर्धीच झालेली असते आणि नवा कोवळा थरही खपलीबरोबर उचकटला जातो.

हे केवळ तर्काने सुचलेले नाही. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने डुकरांच्या त्वचेवर सारख्याच उथळ जखमा करून काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथीनच्या पातळ पापुद्र्याखाली झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवा थर जवळजवळ दुप्पट वेगाने पसरला. पुढच्याच वर्षी माणसांच्या त्वचेवरही तसेच दिसले. ओल म्हणजे जंतूंना आमंत्रण, ही भीती तोवर पक्की होती. परंतु स्वच्छ धुतलेल्या आणि योग्य पट्टीने झाकलेल्या जखमेत संसर्ग वाढत नाही, हे नंतरच्या अभ्यासांतून स्पष्ट झाले. ओलावा टिकवणाऱ्या आधुनिक पट्ट्यांचे मूळ विंटर यांच्या त्या प्रयोगात आहे.

चालणाऱ्या पेशीला दिशा कशी कळते, हा प्रश्न मला स्वतःला सर्वांत मोहवतो. रासायनिक संकेत असतातच, पण त्यांच्या जोडीला वीजही असते. त्वचेचा वरचा थर सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण, सतत आत ढकलत असतो, त्यामुळे त्वचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत मिलिव्होल्टमध्ये मोजता येणारा विद्युतदाबाचा फरक राहतो. म्हणजे आपली त्वचा ही एक मंद विद्युतघटच आहे. जखम झाली की त्या ठिकाणी हा फरक कोसळतो, आणि भोवतालच्या शाबूत त्वचेखालून विद्युतप्रवाह जखमेकडे वाहू लागतो. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एमिल द्यु ब्वा-रेमाँ यांनी हा प्रवाह १८४३ मध्येच स्वतःच्या कापलेल्या बोटातून मोजला होता. केराटिनोसाइटना प्रयोगशाळेत अशा विद्युतक्षेत्रात ठेवले, तर त्या ऋण ध्रुवाच्या दिशेने चालतात, आणि जखमेचा मध्य हाच त्या क्षेत्रातला ऋण ध्रुव असतो. प्रवाह वाहायला ओल लागते, हे वेगळे सांगायला नको.

शरीराची शक्ती ही अशी आहे: तिला नियम आहेत, सामग्री लागते आणि मर्यादाही आहेत. तिच्या नावाखाली “प्रतिकारशक्ती वाढवा” म्हणून जे विकले जाते, त्यात या नियमांचा आणि मर्यादांचा विचार क्वचितच असतो. भरून येणे जितके जास्त तितके चांगले, असेही नाही. कोलॅजेन गरजेपेक्षा अधिक साचले, तर जखमेच्या हद्दीबाहेर वाढणारा कीलॉइड होतो. कर्करोगाची गाठ रक्तवाहिन्या आणि आधार देणाऱ्या उती मिळवण्यासाठी जखम भरण्याचीच यंत्रणा वापरते, म्हणून अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ हॅरॉल्ड द्वोराक यांनी १९८६ मध्ये अशा गाठींना न भरणाऱ्या जखमा म्हटले होते.

नैसर्गिक जीवनशैलीच्या बाजूने जे खरे आहे, तेही तितक्याच ठामपणे सांगायला हवे. १९९५ मध्ये अमेरिकेत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची शुश्रूषा करणाऱ्या १३ स्त्रिया आणि तितक्याच इतर स्त्रिया यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची सारखी जखम करून ती भरण्याचा काळ मोजला गेला. शुश्रूषेचा ताण सोसणाऱ्यांना सरासरी नऊ दिवस अधिक लागले. धूम्रपान त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या आकसवते, अनियंत्रित मधुमेह पांढऱ्या पेशींना दुबळे करतो. शांत मन, निर्धूर श्वास आणि ताब्यात ठेवलेली साखर यांचा जखमेवर होणारा परिणाम मोजता येतो.

मात्र काही ठिकाणी शरीराला स्वतःचा अनुभवही पुरत नाही. खिळा खोल रुतला, की धनुर्वाताच्या जंतूला हवी असलेली प्राणवायूविरहित जागा मिळते, आणि त्याचे विष इतके प्रखर असते की प्रतिकारयंत्रणेला त्याची ओळख पटावी इतक्या मात्रेच्या आतच ते जीव घेऊ शकते. त्यामुळे धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही त्या रोगापासून संरक्षण मिळत नाही. ते लसच देते.

जखम वरून मिटली तरी आतले काम संपत नाही. फायब्रोब्लास्ट पेशी प्रथम घाईघाईने कोलॅजेनचे विस्कळीत दोर टाकतात आणि मग महिनोन्महिने ते तोडून जागी मजबूत दोर घालत राहतात. तरीही व्रणाची ताकद मूळ त्वचेच्या साधारण ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. कोलॅजेनचा दोर तीन साखळ्यांना पीळ देऊन बनतो, आणि हा पीळ टिकण्यासाठी साखळ्यांतल्या प्रोलिन या घटकाला ऑक्सिजनची जोड द्यावी लागते. ते करणाऱ्या विकराला क जीवनसत्त्व लागते. बहुतेक सस्तन प्राणी ते स्वतःच्या यकृतात बनवतात, माणसाने मात्र ती क्षमता उत्क्रांतीच्या वाटेत गमावली आहे. १७४०च्या दशकात जॉर्ज अॅन्सन यांच्या ब्रिटिश ताफ्यावर ताज्या अन्नाविना स्कर्व्ही हा क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग पसरला, तेव्हाच्या वृत्तांतात एका वृद्ध माणसाची नोंद आहे. ५० वर्षांपूर्वीच्या लढाईत झालेल्या आणि केव्हाच भरलेल्या त्याच्या जखमा पुन्हा उघडल्या, जणू त्या कधी भरल्याच नव्हत्या. त्या व्रणांतले जुने दोर अर्धशतकभर झिजत होते आणि शरीर त्यांच्या जागी नवे वळत होते. जहाजावर क जीवनसत्त्व संपले, झीज चालू राहिली आणि नवे दोर वळणे थांबले.